डेनिस पापिन

भद्रावतीच्या परिसरात पावसाळ्याच्या आरंभी परसात किंवा कुंपणाकडेला कोहळ्याच्या चार बिया रोवण्याची रीत जुनी आहे. ज्याला इतरत्र लाल भोपळा, डांगर किंवा गंगाफळ म्हणतात, त्यालाच आपण विदर्भातील लोक कोहळे म्हणतो. दिवाळी उलटली की वेल वाळू लागतो आणि त्याची पिवळीजर्द फळे घरात येतात. देठासकट उतरवलेले पक्के कोहळे कोरड्या जागी ठेवले तर कित्येक महिने जसेच्या तसे राहते. परंतु त्याला एकदा सुरी लागली की चार दिवसांत ते नासू लागते. म्हणून कापलेल्या कोहळ्याची भाजी करावयाची, गूळ घालून बोंडे तळावयाची आणि उरलेल्याच्या चकत्या उन्हात वाळवावयाच्या, असा घरोघरचा क्रम असतो.

अलीकडे बहुतेक घरांत या फोडी प्रेशर कुकरात शिजतात. कुंभारकामासाठी नावाजलेल्या या गावात मातीच्या मडक्याची थोरवी सांगावयास नको. पण मडक्यात वाफ कोंडता येत नाही. ती झाकण उचलून निघून जाते. कुकरात ती कोंडून राहते, आणि झाकणावरचे वजन उचलण्याइतके बळ आले म्हणजेच शिट्टी देऊन बाहेर पडते. ही युक्ती ज्याने प्रथम योजिली, तो मनुष्य स्वयंपाकी नव्हता. तो वैद्यकाचा पदवीधर होता, गणिताचा प्राध्यापक होता आणि जन्मभर एका देशातून दुसऱ्या देशात हिंडत राहिलेला एक निर्वासित होता. त्याचे नाव डेनिस पापिन.

पापिनचा जन्म 22 ऑगस्ट 1647 रोजी फ्रान्समधील ब्ल्वा या नगराजवळ झाला. त्याचे घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे होते. फ्रान्समध्ये या पंथाच्या लोकांना ह्यूगेनॉट म्हणत. राजा आणि बहुसंख्य प्रजा कॅथॉलिक असल्यामुळे ह्यूगेनॉट लोकांचे जीवित नेहमीच अस्थिर असे. 1598 साली निघालेल्या एका राजाज्ञेने त्यांना उपासनेचे काहीसे स्वातंत्र्य मिळाले होते. पण पापिनच्या तरुणपणी ते हळूहळू आकुंचित होत चालले होते. त्याने आंझे येथील विद्यापीठात वैद्यकाचे अध्ययन केले आणि 1669 मध्ये पदवी मिळवली. तथापि रोग्यांची नाडी पाहण्यात त्याचे मन रमले नाही. त्याला यंत्रांची ओढ होती. थोड्याच वर्षांत तो पॅरिसला गेला आणि ख्रिस्तियान हायगेन्स या थोर डच शास्त्रज्ञाचा साहाय्यक झाला.

हायगेन्स त्या वेळी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत काम करीत होता. हवा म्हणजे काही नसणे नव्हे; तिला वजन आहे, ती दाब देते, आणि एखाद्या भांड्यातून ती काढून घेतली तर बाहेरची हवा त्या भांड्यावर जबरदस्त भार टाकते, हे तेव्हा नुकतेच लोकांना कळू लागले होते. हवा उपसण्याचा पंप हे त्या काळातले सर्वांत नवलाचे उपकरण होते. ते चालवणे, दुरुस्त करणे आणि त्यात सुधारणा करणे हे पापिनचे काम. याच सुमारास पॅरिसमध्ये आलेल्या लायब्निट्झ या तरुण जर्मन पंडिताशी त्याची ओळख झाली. पुढे तो पंडित जगद्विख्यात झाला आणि या दोघांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. 1673 मध्ये हायगेन्सने नळकांड्यात बंदुकीची दारू पेटवून दट्ट्या हलवण्याचा प्रयोग केला. त्या दट्ट्याची आठवण पापिनने मनात जपून ठेवली.

1675 साली तो लंडनला आला. तेथे रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतले. पापिनने केलेल्या प्रयोगांपैकी काही आपल्या विषयाच्या फार जवळचे आहेत. काचपात्रात फळे ठेवून तो त्यातील हवा काढून घेई आणि ती किती दिवस टिकतात हे पाहत बसे. काही फळे टिकत. काही मात्र आंबत आणि त्यांच्यातून नवीच हवा निघून पात्र भरून जाई. अन्न हवेमुळे नासते, म्हणून हवा काढली की ते टिकावे, असा त्या वेळचा तर्क होता. तर्क अर्धाच बरोबर होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. गंमत अशी की, लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने 1676 मध्ये आपल्या भिंगातून पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले आणि त्याची हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीलाच कळवली होती. रॉबर्ट हूकने पुढच्याच वर्षी ते पुन्हा पाहून खरे ठरवले. 1679 मध्ये पापिन त्याच हूकच्या हाताखाली सोसायटीचे काम करू लागला. अन्न नासवणारे जीव आणि अन्न टिकवू पाहणारा मनुष्य असे एकाच संस्थेच्या दप्तरात शेजारी शेजारी होते. परंतु त्यांची गाठ घालून देण्यास लुई पाश्चरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे, थांबावे लागले.

याच 1679 साली पापिनने रॉयल सोसायटीपुढे आपले नवे पात्र मांडले. त्याने त्याला डायजेस्टर, म्हणजे पाचक, असे नाव दिले. जाड धातूचे नळकांडे, त्यावर तंतोतंत बसणारे झाकण आणि ते दाबून धरणारे मळसूत्री खिळे, अशी त्याची रचना होती. त्यात पाणी व अन्न घालून खाली विस्तव केला की वाफेला वाट मिळत नसे.

येथे थोडे थांबून यातील मर्म समजून घेतले पाहिजे. उघड्या भांड्यात पाणी सुमारे 100 अंश सेल्सिअसला उकळते. त्याखाली कितीही लाकडे सारली तरी पाणी त्याहून तापत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. उकळी फुटली की जाळ कमी करणारी गृहिणी हेच शास्त्र आचरीत असते. पण वाफ कोंडली की तिचा दाब पाण्यावर पडतो, आणि दाबाखालच्या पाण्याला उकळण्यास अधिक उष्णता लागते. आपल्या घरगुती कुकरात हवेच्या नेहमीच्या दाबाशिवाय दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका आणखी दाब असतो आणि आतले पाणी 120 अंशांच्या आसपास तापते. वीस अंशांचा हा फरक लहान वाटतो. परंतु त्यामुळे तुरीची डाळ घटकाभराऐवजी काही मिनिटांत शिजते आणि कोहळ्याच्या फोडी तर एकदोन शिट्ट्यांत लोण्यासारख्या होतात. (त्यांत पाणी फार घालू नये, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. कोहळ्याच्या अंगचे पाणीच पुष्कळ असते.)

कोंडलेली वाफ जितकी उपयोगी तितकीच घातक. विस्तव भडकला की पात्र फुटून शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. या धोक्यावर पापिनने जो उपाय शोधला, तो त्या पात्राहूनही मोलाचा आहे असे मला वाटते. त्याने झाकणाला एक लहान छिद्र ठेवले, त्यावर बूच बसवले आणि बुचावर तरफेच्या साहाय्याने एक वजन टांगले. आतील दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाफ ते बूच उचलून बाहेर पडे आणि दाब उतरला की बूच पुन्हा खाली बसे. वजन पुढेमागे सरकवून हवा तितका दाब राखता येई, आणि किती दाब आहे तेही कळे. हीच सेफ्टी व्हॉल्व्ह. पुढे आगगाडीच्या इंजिनापासून कारखान्यांच्या बॉयलरपर्यंत वाफेची जी जी यंत्रे झाली, त्यांना या झडपेवाचून चालले नाही. आपल्या कुकराच्या शिट्टीचे वजन हे त्याच कल्पनेचे धाकटे रूप होय.

पापिनच्या हाती उष्णता मोजण्याचे चांगले साधन नव्हते. आज आपण वापरतो तशा अंशांचे उष्णतामापक तेव्हा रूढ झालेले नव्हते. त्याने झाकणावर एक लहान खळगी केली. तीत तो पाण्याचा एक थेंब टाकी आणि तो आटेपर्यंत दोरीला टांगलेला लंबक किती वेळा हेलकावतो ते मोजी. जितके हेलकावे कमी, तितके पात्र अधिक तप्त. प्रत्येक वेळी किती कोळसा जळाला तेही तो तोलून लिहून ठेवी. निरनिराळी मांसे, मासे, कडधान्ये आणि फळे यांवर त्याने असे प्रयोग केले. 1681 मध्ये हा सर्व वृत्तांत त्याने इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. स्वयंपाक, समुद्रप्रवास, फळांचे गोड पदार्थ, पेये, रसायने आणि कापड रंगवणे या सर्वांना आपले पात्र कसे उपयोगी पडेल हे त्यात सांगितले आहे. मोठे पात्र करण्यास किती खर्च येईल आणि त्यापासून किती लाभ होईल, याचा हिशेबही त्याने मांडला आहे. पंडितांच्या ग्रंथात असा घरगुती जमाखर्च क्वचितच सापडतो.

त्याला वाटत होते की, खाटीक टाकून देतात ती हाडे मऊ करून त्यांचा सकस रस गरिबांच्या पोटात घालता येईल. 12 एप्रिल 1682 रोजी रॉयल सोसायटीच्या काही सभासदांना त्याच्या पात्रात शिजवलेल्या अन्नाची मेजवानी देण्यात आली. जॉन एव्हलिन या सभासदाने आपल्या रोजनिशीत तिचे वर्णन करून ठेवले आहे. कठीण हाडे खव्यासारखी मऊ झाली होती, माशांचे काटे खाताना जाणवत नव्हते, आणि हे सर्व आठ औंसांहून कमी, म्हणजे पाव किलोहूनही थोड्या कोळशात झाले होते. पाहुणे फार खूश झाले आणि एव्हलिनने हाडांच्या रसाची थोडी जेली आपल्या पत्नीसाठी घरी पाठवली. परंतु मेजवानीच्या स्तुतीने पात्राचा प्रसार झाला नाही. जाड धातूचे ते अवजड पात्र गरिबाच्या चुलीवर कधीच चढले नाही.

मध्यंतरी तो व्हेनिस येथे सारोत्ती नावाच्या गृहस्थाने स्थापिलेल्या एका विद्वत्सभेत प्रयोगांची व्यवस्था पाहत होता. 1684 मध्ये लंडनला परतल्यावर रॉयल सोसायटीने त्याला वर्षाला तीस पौंड वेतनावर प्रयोग करून दाखवण्याचे काम दिले. लगेच पुढच्या वर्षी, 1685 मध्ये, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने ती जुनी राजाज्ञा रद्द केली. ह्यूगेनॉट लोकांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली आणि लक्षावधी माणसे देश सोडून गेली. पापिनला मायदेशाचे दार कायमचे बंद झाले.

1687 मध्ये त्याने आपल्या पुस्तकाचा पुढील भाग काढला. दाबाचे पात्र आणि हवेचा पंप या दोहोंच्या नव्या उपयोगांचे वर्णन या एकाच ग्रंथात आले आहे. लंडनमधील ब्लॅकफ्रायर्स भागात दर सोमवारी दुपारी तीन वाजता येऊन ही यंत्रे चालताना पाहावीत, असे त्याने त्यात कळवले होते. मात्र गर्दी टाळण्यासाठी येणाऱ्याने सोसायटीच्या एखाद्या सभासदाची शिफारस आणावी, अशी अट होती.

हवा काढणे आणि दाबाखाली तापवणे या त्या दोन गोष्टींवरच पुढे अन्न टिकवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. 1810 मध्ये निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट लावून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यालाही अन्न का टिकते ते ठाऊक नव्हते. 1879 मध्ये, पापिनच्या पात्राला बरोबर दोनशे वर्षे झाली तेव्हा, पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने त्याच तत्त्वावर जंतुनाशक पात्र तयार केले. रुग्णालयांत शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह ते हेच.

कोहळ्यासारख्या आंबटपणा नसलेल्या फळभाजीला तर हे तत्त्व अक्षरशः प्राणाशी गाठ घालणारे आहे. मातीत सर्वत्र आढळणाऱ्या एका जंतूची बीजे साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवा नसलेल्या बंद बरणीत ती उलट फोफावून भयंकर विष तयार करतात. ती मारण्यास दाबाखालची 116 ते 121 अंशांची उष्णता पुरेसा वेळ द्यावी लागते. म्हणून परदेशांत कोहळे बरणीबंद करताना त्याचे लहान चौकोनी तुकडेच घेतात. कारण दाट लगद्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेलच असा भरवसा नसतो. या कामासाठी दाबमापक लावलेली मोठी पात्रे असतात. आपला डाळभाताचा कुकर त्यासाठी नव्हे. आपल्याकडे उन्हात कडकडीत वाळवलेल्या चकत्या टिकतात, त्या पाणीच न उरल्यामुळे. आणि चंद्रपूरच्या उन्हाला या कामी कोणत्याही यंत्राची मदत लागत नाही.

1687 च्याच सुमारास हेसे-कासेल या जर्मन संस्थानचा अधिपती कार्ल याने पापिनला बोलावले आणि तो मारबुर्ग येथे गणिताचा प्राध्यापक झाला. तेथे त्याला विद्यार्थी थोडे आणि पगार तुटपुंजा मिळाला. पण त्याच्या बुद्धीचे सर्वोत्तम फळ तेथेच पिकले. झाकणावरचे वजन उचलणारी वाफ तो वर्षानुवर्षे पाहत आला होता. आता त्याने तिला दट्ट्या उचलावयास लावले. अडीच इंच व्यासाच्या एका नळकांड्यात थोडे पाणी घालून तो ते तापवी. वाफ दट्ट्याला वर ढकली. मग विस्तव दूर केला की वाफ थिजून पुन्हा पाणी होई, आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा भार दट्ट्याला खाली दाबी. त्या जोराने साठ पौंडांचे ओझे वर उचलले जात असे. 1690 मध्ये लाइपझिगच्या एका विद्वत्पत्रिकेत त्याने हे वर्णन छापले. वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याच्या यंत्राचा हा आरंभ होय. पुढील वर्षी त्याने आपल्या नात्यातील एका विधवेशी विवाह केला आणि 1695 मध्ये तो कासेलला राहावयास गेला.

इंग्लंडमध्ये टॉमस सेव्हरी याने वाफेने पाणी उपसण्याचे यंत्र केले होते. 1705 मध्ये लायब्निट्झने त्याचे रेखाचित्र पापिनला पाठवले. त्यावरून पापिनने आपले सुधारलेले यंत्र रचले आणि 1707 मध्ये त्यावर लॅटिन भाषेत एक पुस्तक लिहिले. त्याच वर्षी त्याने लंडनला परत जाण्याचे ठरवले. त्याने चाकांनी पाणी कापीत जाणारी एक नाव बांधली होती. ही जगातील पहिली आगबोट होती असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते खरे नाही. तिची चाके माणसांच्या बळावर फिरत. पुढेमागे त्यांना वाफेचे यंत्र जोडावे असा मात्र त्याचा मानस होता. 24 सप्टेंबर 1707 रोजी कुटुंबासह तो त्या नावेतून फुल्दा नदीवरून निघाला. म्युंडेन येथे या नदीचे पाणी पुढे वेझर नदीत जाते. तेथून पुढे माल व माणसे नेण्याचा हक्क नावाड्यांच्या एका जुन्या संघाकडे होता. पापिनने परवान्यासाठी आधीच खटपट केली होती, पण तो मिळाला नव्हता. नावाड्यांनी नाव अडवून धरली आणि फोडून टाकली. पापिनने सारी उमेद त्या नावेवर ठेवली होती. नावाड्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. परंतु वल्ह्यांवर पोट असलेल्या माणसांना त्या चाकांत काय दिसले असेल, याचाही विचार केला पाहिजे.

तो लंडनला पोचला तो साठ वर्षांचा म्हातारा होऊन. त्याला ओळखणारे बॉईल आणि हूक केव्हाच वारले होते. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष आता आयझॅक न्यूटन होता, आणि गणितातील एका शोधाच्या श्रेयावरून न्यूटन व लायब्निट्झ यांच्यात वैर वाढत चालले होते. लायब्निट्झचा मित्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पापिनला तेथे आपलेपणा लाभणे कठीणच होते. आपले यंत्र आणि सेव्हरीचे यंत्र यांची तुलना करून दाखवण्यासाठी त्याने सोसायटीकडे पंधरा पौंड मागितले. ते मिळाले नाहीत. तो एकामागून एक कल्पना सोसायटीपुढे मांडत राहिला. 23 जानेवारी 1712 रोजी त्याने सोसायटीच्या चिटणिसाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. चांगले करावयास जावे तरी शत्रूच वाढतात, अशी खंत त्यात आहे. त्याच 1712 मध्ये टॉमस न्यूकोमेन या लोहसामान विकणाऱ्या इंग्रजाने डडलीच्या कोळशाच्या खाणीजवळ वाफेचे अजस्र यंत्र उभारले. त्या यंत्रात नळकांडे होते, दट्ट्या होता, आणि वाफ थिजल्यावर हवेचा भार त्या दट्ट्याला खाली दाबीत होता.

त्यानंतर पापिनचे काय झाले हे जवळजवळ तीनशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. तो कोठे मेला, त्याला कोठे पुरले, याचा पत्ता लागत नव्हता. त्याच्या फ्रान्समधील ब्ल्वा नगरात त्याचा पुतळा उभा राहिला, तरी चरित्रकार त्याच्या मृत्यूपुढे प्रश्नचिन्ह घालीत. अलीकडच्या काळात लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट ब्राइड चर्चच्या जुन्या नोंदवहीत एक ओळ सापडली. 26 ऑगस्ट 1713 रोजी डेनिस पापिन नावाच्या माणसाला त्या चर्चच्या खालच्या दफनभूमीत पुरल्याची ती नोंद आहे. चारच दिवसांपूर्वी त्याला सहासष्टावे वर्ष पूर्ण झाले होते.